प्रोबायोटिक घेतल्याने कंपवात थांबतो का? प्राण्यांवरचे प्रयोग आणि घरातला पेशंट

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगावकडच्या. वडील ६४ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. ३ वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची, म्हणजे मेंदूत कमी पडणारं डोपामिन भरून काढणारी, गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. पोट साफ होत नाही ही तक्रार निदानाच्याही कितीतरी आधीपासूनची. पुण्यातल्या भावाने एक व्हिडिओ पाठवला, ‘प्रोबायोटिकमुळे पार्किन्सन उलटतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असा, आणि पाठोपाठ प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलचे डबेही घरी आले. आता वडील म्हणतात, हे सुरू करू आणि त्या गोळ्या हळूहळू कमी करू. तुम्ही विचारलंय की हे द्यावं का, आणि हा आजार आपल्याला होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःही आत्तापासून घ्यावं का.

मी सांगली-मिरज भागात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो. हा व्हिडिओ किंवा त्याचीच भावंडं घेऊन गेल्या काही वर्षांत बरेच पेशंट माझ्याकडे आलेत. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डोसबद्दल इथून काही ठरवणार नाही. तो अधिकार त्यांच्या डॉक्टरांचा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत बदलत नाही, म्हणून ती आधी सांगतो. लेव्होडोपा स्वतःच्या मनाने कमी करायची नाही आणि एकदम तर अजिबात बंद करायची नाही. ती अचानक थांबली की शरीर लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, भान हरपतं, आणि काही पेशंट थेट अतिदक्षता विभागात पोहोचतात. कॅप्सूल द्यायची की नाही हा प्रश्न आठवडाभर थांबू शकतो. वडिलांचा गोळ्या कमी करायचा विचार आजच थांबवा.

आता व्हिडिओतल्या संशोधनाकडे येऊ. ते खोटं नाही. उलट चांगलं काम आहे, आणि मला त्याबद्दल आदर आहे. फक्त ते कोणावर झालं आणि त्यातून काय निघालं, हे व्हिडिओवाल्याने गाळलं आहे.

आतड्याचा आणि या आजाराचा संबंध येतो कुठून, ते आधी पाहू. कंपवातात मेंदूच्या एका छोट्या भागातल्या, हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतं. बिघाड होतो तो त्याची घडी चुकून गुठळी झाली की. २००३ मध्ये हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. या गुठळ्यांची सुरुवात मेंदूत न होता नाकातल्या वासाच्या नसांत आणि आतड्याच्या मज्जातंतूंत होत असावी, आणि तिथून व्हेगस नावाच्या लांबलचक नसेवाटे त्या मेंदूकडे सरकत असाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. पेशंट पाहणाऱ्याला हे लगेच पटण्यासारखं होतं, कारण हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून पोट साफ होत नसतं, वास येईनासा झालेला असतो. तुमच्या वडिलांच्या पोटाचंही तेच झालं.

पूर्वी पोटातल्या अल्सरसाठी व्हेगस नसेचा मुख्य धागाच कापायची शस्त्रक्रिया करत. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये अशा लोकांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात पुढे कंपवाताचं प्रमाण काहीसं कमी असल्याचं दिसलं. फरक मोठा नव्हता, पण दिशा तीच होती. सगळ्याच पेशंटमध्ये आजार आतड्यातून सुरू होतो असं मात्र आज कोणी म्हणत नाही. काहींमध्ये तो आधी शरीरात, तर काहींमध्ये आधी मेंदूत सुरू होत असावा, असं आता मानलं जातं.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सार्किस माझमानियन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे उंदीर जनुकीय बदल करून मानवी अल्फा-सिन्युक्लिन जास्त बनवणारे केलेले होते. त्यातले काही संपूर्ण जिवाणूमुक्त वातावरणात वाढवले, तर त्यांच्या हालचाली बऱ्याच चांगल्या राहिल्या. कंपवाताच्या पेशंटच्या आतड्यातले जिवाणू त्यांच्या पोटात सोडले की हालचाली बिघडल्या. निरोगी माणसाचे जिवाणू सोडले तेव्हा बिघाड कमी झाला. आतड्यातल्या जिवाणूंचा या आजाराच्या चालीवर परिणाम होऊ शकतो, हे एवढ्या स्पष्टपणे तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

पण याच प्रयोगात एक अडचणीची गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच व्हिडिओत येत नाही. जिवाणू तंतुमय अन्न आंबवून काही छोटी आम्लं बनवतात. ती आतड्याला फायद्याची मानली जातात, आणि कंपवाताच्या पेशंटच्या शौचात ती कमी आढळली आहेत. म्हणजे ती वाढवली की बरं वाटायला हवं. त्या जिवाणूमुक्त उंदरांना हीच आम्लं दिली, तर त्यांच्या हालचाली उलट बिघडल्या. ‘चांगले जिवाणू वाढवा, आजार पळवा’ इतकं सरळ गणित इथे नाही.

आता तुमच्या व्हिडिओतला मूळ प्रयोग. तो २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा आणि डंडी विद्यापीठांच्या गटाने केला. प्राणी होता सी. एलिगन्स, म्हणजे एक सूत्रकृमी. तुमच्या बागेत मुळांना गाठी करणारी सूत्रकृमी तुम्हाला माहीत आहे. ही तिच्याच मोठ्या कुळातली, पण पिकाला त्रास न देणारी, मातीतल्या कुजणाऱ्या गोष्टींवरचे जिवाणू खाऊन राहणारी. लांबी साधारण १ मिलिमीटर, आयुष्य दोन-तीन आठवडे, चेतापेशी मोजून ३०२. अंग काचेसारखं पारदर्शक असतं, म्हणून शास्त्रज्ञांची ती लाडकी. तिच्या शरीरात अल्फा-सिन्युक्लिन मुळात नसतंच. शास्त्रज्ञांनी मानवी जनुक तिच्यात घातलं आणि त्या प्रथिनाला चमकणारा रंग जोडला. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या पिवळसर ठिपक्यांसारख्या चमकतात. ते ठिपके मोजायचे आणि वेगवेगळं खाणं देऊन ते वाढतात की घटतात ते पाहायचं.

प्रयोगशाळेत या कृमीला नेहमी ई. कोलाय जिवाणू खायला देतात. त्याऐवजी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा, माणसांच्या प्रोबायोटिकमध्ये वापरला जाणारा एक विशिष्ट वाण दिला, तेव्हा ठिपके कमी झाले. आधी ई. कोलायवर वाढलेल्या आणि ठिपके धरलेल्या कृमींना नंतर हा जिवाणू दिला, तरीही ठिपके घटले. व्हिडिओतला ‘उलटतो’ हा शब्द इथूनच आलाय. कृमींची हालचालही सुधारली. हे कसं घडतं याचाही त्यांनी शोध घेतला. जिवाणू आतड्यात थर करून राहतात, काही पदार्थ सोडतात, आणि कृमीच्या पेशींमधल्या एका जातीच्या चरबीच्या चयापचयात बदल होतो, असं त्यांना आढळलं. काम नेटकं आहे. पुढे उंदरांवर आणि मग माणसांवर पाहायला हवं, असंच त्या गटाचंही म्हणणं होतं.

आता या प्रयोगाची मर्यादा बघा. मुख्य प्रयोगातल्या कृमीत गुठळ्या होत्या त्या स्नायूंमध्ये. तिला व्हेगस नस नाही, आपल्यासारखा मेंदू नाही, मेंदू आणि रक्त यांच्यामधला पडदा नाही. आपल्या पोटात शेकडो जातींचे जिवाणू आधीच घर करून बसलेले असतात, तिच्या ताटात मात्र एका वेळी एकच जात होती. बागायतदार माणसाला हे समजवायला मी एवढंच म्हणतो: संशोधन केंद्राच्या प्लॉटवर, एकाच मातीत, वेळच्या वेळी पाणी देऊन आलेलं पीक आपल्या रानात तसंच येईल असं धरून कोणी कर्ज काढत नाही.

उंदरांवरच्या इतर प्रयोगांचंही असंच आहे. बऱ्याच प्रयोगांत उंदराला एमपीटीपी नावाचं विष देऊन काही दिवसांत डोपामिनच्या पेशी मारतात, आणि प्रोबायोटिक त्या विषाच्या आधीपासून किंवा सोबतच सुरू असतं. अशा उंदरांत पेशी थोड्या जास्त वाचल्या, दाह कमी झाला, असे निष्कर्ष वेगवेगळ्या देशांतून आले आहेत. पण माणसाचा आजार काही दिवसांत होत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. आणि हात थरथरायला लागून निदान होईपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. विष देण्याआधी ढाल पुढे करणं आणि तीन वर्षांपूर्वी निदान झालेल्या माणसाला कॅप्सूल देणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

या विषयात मी इतका सावध का, तर प्राण्यांत ‘संरक्षण’ करणारी औषधं माणसांत फोल ठरल्याचा इतिहास मोठा आहे. कोएन्झाइम क्यू-१० उंदरांत उत्तम वाटलं होतं. अमेरिकेत ६०० पेशंटवर मोठ्या डोसमध्ये तपासलं, फायदा दिसेना म्हणून चाचणी आवरती घेतली. क्रिएटिनचंही तेच. १,७४१ पेशंटवरची ती चाचणी २०१३ मध्ये थांबवली. त्या वर्षांत कितीतरी घरांनी या गोळ्यांवर पैसे घातले. माझ्या पेशंटमध्येही अशी घरं होती. ऊस गेला की कारखान्याचं बिल यायची वाट बघणारी माणसं महिन्याला हजारो रुपये आशेवर घालतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मग माणसांवर काहीच झालेलं नाही का? झालंय, पण बहुतेक करून पोटाच्या तक्रारीसाठी. २०१६ मध्ये इटलीत १२० पेशंटना ४ आठवडे प्रोबायोटिक आणि तंतू घातलेलं आंबवलेलं दूध दिलं, तेव्हा पोट पूर्ण साफ होण्याचं प्रमाण वाढलं. मलेशियात एका गटाने अनेक जिवाणूंच्या मिश्रणाची कॅप्सूल ४ आठवडे देऊन पाहिली. तिथेही आठवड्यातून साधारण एखाद्या वेळेने शौचाला जास्त झालं. ऐकायला कमी वाटेल, पण आठवड्यातून दोनदाच पोट साफ होणाऱ्याला तो मोठा फरक असतो. इराणमधल्या ६० पेशंटच्या १२ आठवड्यांच्या एका चाचणीत हालचालींचे गुणही थोडे सुधारले. ती चाचणी लहान आहे, तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. आजाराचा वेग कमी झाला, पेशी वाचल्या, असं दाखवणारा माणसांवरचा मोठा पुरावा आज हातात नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातले जिवाणू कंपवाताच्या पेशंटला देण्याच्या दोन चाचण्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बेल्जियममधल्या चाचणीत वर्षभराने थोडी सुधारणा दिसली, फिनलंडमधल्या चाचणीत काहीच दिसली नाही.

आणखी एक बाब आपल्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाची आहे. युरोपातल्या पेशंटमध्ये प्रीव्होटेला गटाचे जिवाणू कमी आढळले, यावर बरीच चर्चा होते. भाकरी, डाळ, भाजी खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात हेच जिवाणू मुळात भरपूर असतात. तिकडच्या आतड्यांवरून काढलेला निष्कर्ष इकडे तसाच बसवणं मला धोक्याचं वाटतं.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: आतडं आणि कंपवात यांचा संबंध खरा आहे. कृमी आणि उंदरांत काही जिवाणूंनी संरक्षण दिलं हेही खरं. माणसात प्रोबायोटिकचा बऱ्यापैकी पुरावा आहे तो पोट साफ होण्यासाठी. आजार थांबवण्यासाठी किंवा उलटवण्यासाठी नाही.

आता तुमच्या घरात प्रत्यक्ष काय करायचं. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण वडिलांचा फायदा इथे आहे.

पहिली गोष्ट, त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका ताटात काढा. विशेषतः ‘गॅसची’, ‘ॲसिडिटीची’, ‘चक्करची’, ‘उलटीची’ म्हणून गावात मिळालेली प्रत्येक गोळी बघा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड घातलेलं सर्रास मिळतं. हे औषध डोपामिनलाच अडवतं. निरोगी माणसालाही त्यामुळे थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो, कंपवाताच्या पेशंटचा तर आजारच वाढल्यासारखा दिसतो. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचंही तेच. पोट फुगतं म्हणून गेलेला पेशंट अशी कॅप्सूल घेऊन येतो, दोन-तीन महिन्यांत चाल बिघडते, आणि घरचे म्हणतात ‘आजार वाढला, गोळीचा डोस वाढवा’. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नवीन पेशंट आला की आधी पिशवीच मागतो. पट्टीवर ‘लेव्होसल्पिराइड’ दिसलं तर ती स्वतः न थांबवता डॉक्टरांना लगेच दाखवा. कंपवात आहे हे कळल्यावर ते पर्याय देतीलच.

दुसरी गोष्ट, लेव्होडोपाची वेळ. हे औषध लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं, आणि दूध, दही, डाळ, अंडं, मटण यातल्या प्रथिनांशी त्याची तिथे रेटारेटी होते. शिवाय पोट जड असेल, पुढे सरकत नसेल, तर गोळी जठरातच पडून राहते. आपल्या भागात सकाळची गोळी हमखास पेलाभर दुधाबरोबर घेतली जाते, ‘गोळी उष्ण पडते’ म्हणून. ती नुसत्या पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची. मळमळत असेल तर केळ्याचे दोन घास किंवा एखादं कोरडं बिस्किट सोबत चालेल. चहातल्या चमचाभर दुधाने काही बिघडत नाही. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. पण यावरून वडिलांचं दूध-डाळ तोडू नका. या वयात वजन आणि स्नायू घटले तर चालणं आणखी अवघड होतं. वेळ सांभाळायची, खाणं नाही.

मी पेशंटच्या घरच्यांना एक वही करायला सांगतो. एका आजोबांच्या नातीने शाळेच्या दुरेघी वहीत रकाने आखले होते: गोळी किती वाजता, सोबत काय खाल्लं, अंग मोकळं कधी झालं, परत कधी आखडलं, शौचाला झालं की नाही. त्या वहीत स्पष्ट दिसलं की शौचाला न झालेल्या दिवसांत सकाळची गोळी लागू व्हायला कितीतरी उशीर होत होता. त्यांचा डोस वाढवावा लागला नाही. पोटाचं पाहिलं आणि दुधाची वेळ बदलली. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, पण वही ठेवल्याशिवाय कोणाचं काय होतंय हे कळतही नाही.

तिसरी गोष्ट पोटाची. सकाळी उठल्यावर पाणी, दिवसभरात पुरेसं पाणी (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच). ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई. तुमच्याकडे घरचेच बेदाणे असतील, मधुमेह नसेल तर मूठभर रात्री भिजत घालून सकाळी द्या. नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी शौचाला बसायचं, कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यायचा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्यायचं, नाहीतर ते आतच घट्ट होतं. एवढ्याने भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मिळते, ती पाण्यात विरघळवून घेतात. डॉक्टरांना विचारून ती रोजही चालते. ‘सवय लागेल’ या भीतीने ती टाळून आठवडाभर कुंथत बसू नये.

या सगळ्यानंतरही पोट साफ होत नसेल तर प्रोबायोटिक करून बघायला माझी हरकत नाही. फक्त ते पोटासाठी घेतोय हे वडिलांना समजावून सांगा, म्हणजे गोळ्या कमी करायचा विषय मनातून जाईल. एका वेळी एकच उत्पादन, ४ आठवडे, वहीत नोंद. त्या काळात बाकी काही बदलू नका. पहिल्या काही दिवसांत गॅस, पोट फुगणं होऊ शकतं. महिन्याने फरक नसेल तर बंद. चालू केल्यावर लेव्होडोपाचा असर लवकर उतरतोय असं वहीत दिसलं तरीही बंद. कॅन्सरचं औषध चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, अशा कोणालाही जिवंत जिवाणू देऊ नयेत.

डब्यावर काय वाचायचं? आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिवाणूची प्रजात आणि नेमका वाण, आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी संख्या लेबलवर असायला हवी. नुसतं ‘लाखो चांगले जिवाणू’ असं लिहिलेलं असेल तर ते परत करा. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी पिण्याची छोटी कुपी बॅसिलस क्लॉसाय या जिवाणूची असते. स्कॉटलंडच्या प्रयोगातला जिवाणू वेगळा होता, आणि एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून आले तर बरेच मरतात, बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे कवचातले सुप्त जिवाणू, त्यामानाने तग धरतात.

आणखी एक नाव शोधा: एन्टेरोकॉकस फेकॅलिस किंवा फेसियम, किंवा जुन्या नावाने स्ट्रेप्टोकॉकस फेकॅलिस. आपल्याकडच्या काही मिश्रणांत ते असतं. २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की या जातीच्या जिवाणूंमध्ये एक एन्झाइम असतं. ते लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोहोचायच्या आधी आतड्यातच तिचं डोपामिन करून टाकतं, आणि लेव्होडोपा वाटेतच खर्च होऊ नये म्हणून गोळीत घातलेलं कार्बिडोपा त्याला नीट अडवू शकत नाही. आतड्यात झालेलं डोपामिन मेंदूच्या पडद्यापलीकडे जात नाही, म्हणजे गोळी वाया गेली. प्रोबायोटिकमधल्या वाणामुळे एखाद्या पेशंटचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, ही माझी खबरदारी आहे. पण दुसरे पर्याय असताना लेव्होडोपा घेणाऱ्याला मी ते मिश्रण लिहून देत नाही. डब्यात ‘कवच बीज’ किंवा ‘खाजकुइली’ दिसली तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या बियांत मुळातच लेव्होडोपा असते आणि एकूण डोस नकळत वाढतो.

घरच्या दह्या-ताकाचं काय, हेही लोक विचारतात. विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे कोणी मोजलेलं नसतं, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. पण ते चांगलं अन्न आहे. दुपारचं ताक, ज्वारीची आंबील जरूर द्या, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब.

आता तुमच्या स्वतःबद्दल. बहुतेक पेशंटमध्ये हा आजार आईवडिलांकडून थेट आलेला नसतो. वडिलांना उतारवयात झाला तर मुलांची शक्यता इतरांपेक्षा थोडी वाढते, पण मुळात ती कमीच असते. पोट साफ होत नाही किंवा वास कमी येतो एवढ्यावरून घाबरू नका, असे असंख्य लोक आहेत ज्यांना हा आजार कधीच होत नाही. संरक्षण म्हणून तुम्ही महिन्याला कॅप्सूलवर खर्च करावा, याला आज आधार नाही. व्यायामाला मात्र आहे. नियमित, दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. आणि आजार झालेल्यांसाठीही अमेरिकेत १२८ पेशंटवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून साधारण ३ दिवस जोरात ट्रेडमिलवर चालणाऱ्यांची प्रकृती सहा महिने जवळपास टिकून राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची घसरली. वडिलांना बांधावरून रोज भरभर चालवा, सोबत कोणीतरी असू द्या.

आणि बागेतल्या फवारणीकडे लक्ष द्या, ही मी हात जोडून विनंती करतो. पॅराक्वाट तणनाशक आणि रोटेनोन कीटकनाशक यांच्या संपर्काचा कंपवाताशी संबंध अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात दिसलेला आहे, वापरणाऱ्यांत प्रमाण सुमारे अडीच पट होतं. तुमच्या वडिलांना त्यामुळेच झाला असं कोणी सांगू शकत नाही, आणि त्यांना तसं वाटूही देऊ नका. पण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने एकामागून एक फवारण्या होतात, आणि तणनाशक मारताना तर बनियनवर, उघड्या हातांनी औषध कालवणारी माणसं मला येता-जाता दिसतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर योग्य मास्क, वाऱ्याच्या दिशेचं भान, घरी आल्या आल्या अंघोळ, कपडे वेगळे धुणं, आणि औषधाचे रिकामे कॅन पाणी भरायला कधीही न वापरणं. भाऊ पुण्याहून कॅप्सूलवर जो खर्च करतोय, त्यात फवारणी करणाऱ्या सगळ्या गड्यांना पुरेल एवढं साहित्य येईल.

आलेल्या डब्यांचं लेबल आणि वडिलांच्या सगळ्या पट्ट्यांची मागची बाजू, नाव-पत्ता झाकून, इथे टाका. त्यात वर सांगितलेलं काही दिसलं तर पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देतो. तोवर सकाळची पहिली गोळी पाण्याबरोबर सुरू करा आणि वहीला आजच सुरुवात करा.